व्याह्यांच्या कॉटेजचं पाणी

उधना, भेस्तान, कामरेज आणि तिकडे थेट पारोळा तालुक्यापर्यंत पसरलेल्या आमच्या समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, श्री. भास्करराव हे दिवाळीनंतर डांगच्या डोंगरात गेले होते ते संन्यास घ्यायला नव्हे. त्यांनी तिथे अन्न सोडलं होतं ही बातमी खरी आहे. पण ते देवासाठी सोडलं नव्हतं, कोणाशी भांडून सोडलं नव्हतं आणि डॉक्टरांनीही सोडायला सांगितलं नव्हतं. ते दारावरच्या एका पाटीमुळे सोडलं होतं. या विषयावर आमच्या गल्लीत निरनिराळ्या हकिकती फिरत असल्याने, आणि त्यातल्या दोन मीच सोडलेल्या असल्याने, आता खरी हकिकत लिहून काढणं मला भाग आहे.

मी भास्कररावांची बायको. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. गल्लीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाला उखाणे मीच घेते, त्यामुळे ते नाव आता सार्वजनिक झालं आहे. आमच्या मंडळाच्या नाटकात कैकेयी, कुंती आणि एकदा माणूस आला नाही म्हणून यमराज, अशा भूमिका मी केलेल्या आहेत. भास्कररावांचं उलट आहे. ते लूमच्या कारखान्यात मास्तर. खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे हा माणूस बोलतो फार कमी, आणि बोलला तर शंभर लूमच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. मधला आवाज त्यांच्याकडे नाही.

उधना, निघण्यापूर्वी

दिवाळीत सुरत बंद पडते. लाभपाचमीपर्यंत लूम मुके असतात. गुजराती शेजारी मनालीला जातात आणि आपली माणसं गावी जातात, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. यंदा आम्ही तो मोडला तो मुलांमुळे.

माझी मुलगी मयूरी रिंग रोडवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करते. तिच्या शेजारच्या खुर्चीवर वैभव वानखडे बसतो. त्या दोन खुर्च्यांमधलं अंतर कसं कमी होत गेलं ते मी सांगणार नाही, कारण कागदोपत्री हे लग्न ठरवून झालेलं आहे. मध्यस्थ शोधला गेला, कांदेपोहे झाले, आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू आजच दर्शन झालं. मयूरीनं पदर सावरत मान खाली घातली तेव्हा माझ्या अंगातलं नाटक कुठे गेलं ते मला कळलं. दसऱ्याला सुपारी फुटली. आम्ही रीतीप्रमाणे वानखड्यांना टॉवेल-टोपी दिली. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर ठरला. मधल्या काळात दोन्ही घरांनी चार दिवस एकत्र राहून एकमेकांना ओळखावं, डोंगरात जावं, ट्रेकिंग करावं, अशी कल्पना मुलांनी काढली. आमच्या काळी दोन्ही घरं एकमेकांना अजिबात ओळखत नसत, म्हणून लग्नं टिकत, असं मी म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

वानखडे, म्हणजे वैभवचे वडील, मूळचे अकोल्याकडचे. कामरेजला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. माणूस दांडगा, मिशा दांडग्या आणि मन मात्र एवढं हळवं की कोणी चहा अर्धा ठेवला तरी रात्रभर विचार करतील. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, तेव्हा ते भास्कररावांना इवाई म्हणतात. आणि त्यांचं एक पालुपद आहे. काहीही दाखवायचं झालं, दुकान, गाडी, सोफा, की हात पसरून म्हणायचं, "आपलंच समजा." कॉटेज त्यांनीच ठरवलं आणि त्यांच्याच नावावर. आम्ही वाटा देऊ म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विषय तिथेच मिटला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भास्कररावांनी गावी आईंना फोन केला. माझ्या सासूबाईंना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे हा निकाल मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

"आंडेरना घरनं पानीबी पेवानं नही, भास्कर," सासूबाई म्हणाल्या.

आंडेर म्हणजे अहिराणीत लेक. लेकीच्या सासरी बापानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, नातवंड होईपर्यंत, ही आमच्या घरातली जुनी रीत. भास्कररावांनी घाबरत विचारलं की अजून लग्न कुठे झालंय.

"शबद दिधा म्हंजे आंडेर दिधी."

या निकालावर अपील नव्हतं. त्याला पुढे पोटकलम होतं: हे त्यांना सांगायचंही नाही. सांगितलं की ते गळ्याची शपथ घालणार, शपथ घातली की खावं लागणार, आणि मग रीत कुठे राहिली. भास्कररावांनी फोन ठेवला आणि लगेच मला मयूरीच्या डोक्याची शपथ घातली की तोंड उघडायचं नाही. माझ्यासारख्या बाईला. सासूबाईंनी या सगळ्यात फक्त भास्करचं नाव घेतलं होतं, सुनेचं घेतलं नव्हतं. मी तो मुद्दा आपण होऊन काढला नाही.

डांग, दारावरची पाटी

आम्ही सहा माणसं एका इको गाडीत निघालो. सातवा पाण्याचा मोठा जार होता. तो भास्करराव उधन्याहून मांडीशी धरून घेऊन आले होते आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी अशी एक स्वतंत्र पिशवी होती. वानखड्यांनी जाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. व्याऱ्याला गाडी थांबली, गरम भजी आली, तेव्हा भास्करराव टायर तपासायला गेले. चारही टायर त्यांनी अशा बारकाईनं तपासले की ड्रायव्हरला वाईट वाटलं. माझ्या पर्समध्ये त्यांच्यासाठी खाखऱ्याचं एक पाकीट ठेवलं होतं. ते मी बारडोलीलाच संपवलं होतं.

आहव्याच्या पुढे रस्ता वर चढायला लागतो आणि सुरत अंगावरून उतरते. उधन्यात आकाश असतं, पण ते पाहायला मान वर करावी लागते. इथे ते समोरच उभं होतं. सागाची पानं वाळून पापडासारखी झाली होती आणि वारा आला की एखादं पान खाली पडताना एवढा आवाज करायचं की आपण वळून पाहावं. उतारांवरचं गवत सोनेरी पडलेलं, नागली, म्हणजे नाचणी, कापून झालेली, आणि मधूनच एखाद्या शेतात खुरासणीची उशिरा राहिलेली पिवळी फुलं. मला कांजीवरमच्या काठाची आठवण झाली. मयूरी म्हणाली की मम्मी, तू आता प्लीज साड्यांवर येऊ नको, मी सुट्टीवर आहे.

कॉटेज लाकडाचं होतं. दोन खोल्या, मागे ओटा, पुढे लांब ओसरी, आणि ओसरीतून दिसणारा एक डोंगर, जो माझ्या मते गरजेपेक्षा उंच होता. सगळं छान होतं. फक्त दारावर तिथल्या माणसानं खडूनं पाटी लिहून टांगली होती: वानखडे परिवार.

भास्कररावांनी पाटी वाचली. मग परत वाचली. मी हळूच म्हटलं, "अहो, हे भाड्याचं आहे."

"दारावर नाव कोणाचं?" ते म्हणाले.

"खडूनं लिहिलंय."

"नाव कोणाचं?"

तेवढ्यात वानखडे आतून आले, हात पसरले आणि म्हणाले, "या इवाई, आपलंच घर समजा." भास्कररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झालं, आता मालकानंच कबूल केलं.

विहीणबाईंचं नाव शोभाताई. लहानखुऱ्या, चटपटीत, गुडघे दुखतात म्हणून बसून काम करणाऱ्या आणि बसल्या जागेवरून सगळं पाहणाऱ्या. त्यांनी पहिल्या संध्याकाळी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला. त्या रश्श्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्याच्या वासानं तिथली दोन कुत्री येऊन ओसरीखाली शिस्तीत बसली. भास्करराव म्हणाले, आज गुरुवार आहे, माझा उपास. शोभाताईंनी तोंडातून शब्द न काढता साबुदाणा काढला. सगळीच तयारी बरोबर होती त्या बाईंची. खिचडी पुढे आली तेव्हा भास्कररावांनी जाहीर केलं की त्यांचा उपास साबुदाण्याचा नाही. मग राजगिऱ्याचा लाडू आला. त्यांचा उपास राजगिऱ्याचाही नव्हता. शेवटी एक केळं आलं. केळ्याला नाही म्हणणारा उपास हिंदू धर्मात अजून निघालेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. भास्करराव उठले, जरा चालून येतो म्हणाले, पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर एका सागाखाली जाऊन, आमच्याकडे पाठ करून, कळण्याची भाकरी खाऊन आले. रीत फाटकापर्यंत होती. फाटकाबाहेर महाराष्ट्र, गुजरात, काहीही असो, वानखडे नव्हते.

मी रस्सा दोनदा घेतला. दोन्ही घरांची आब राखायला कोणीतरी जेवायला हवंच होतं.

दुसरा दिवस, झाडं आणि भाकरी

सकाळी भास्करराव हात हलवत फाटकाबाहेर निघाले. बेत असा होता की आधी दडून बसायला बरी जागा हेरायची, मग येऊन पिशवी न्यायची. पण वानखड्यांनी त्यांना पाहिलं. इवाई उपासाचं पोट घेऊन काल फिरले, आज सकाळी पुन्हा निघाले, म्हणजे हे मोठे चालणारे असणार, असा त्यांनी ग्रह करून घेतला. पाहुण्याला जंगलात एकटं सोडणं शोभत नाही. तेव्हा आम्ही सुपारीला दिलेली, आमचा मान म्हणून सहलीभर घातलेली पांढरी टोपी नीट करून ते मागोमाग निघाले. भास्करराव त्यांना चुकवायला भरभर चालले. वानखडे त्यांची बरोबरी करायला भरभर चालले. दोघांनाही चालायची मुळीच आवड नाही. असे ते नदीपर्यंत गेले.

पुढचं मला भास्कररावांनी नंतर सांगितलं. नदीकाठी एक आवळ्याचं झाड होतं, लगडलेलं. त्यांनी हात वर केला. बोटं फांदीला लागली. मागून वानखडे धापा टाकत म्हणाले, "घ्या इवाई, घ्या. आपलंच झाड समजा."

हात खाली आला. पुढे ओढा होता, त्याचं पाणी काचेसारखं होतं. वानखडे म्हणाले, प्या, आपलंच समजा. अशा रीतीनं दुपारपर्यंत वानखड्यांनी आहव्यापर्यंतचं निम्मं जंगल ताब्यात घेतलं आणि भास्करराव त्यात उपाशी फिरले.

इकडे कॉटेजवर शोभाताईंनी पाहुण्यांची पिशवी उघडली. भाकऱ्या वाळायला लागलेल्या. टाकाव्या कशा, पाहुण्यांचं अन्न. तेव्हा त्यांनी सगळ्या भाकऱ्या कुस्करल्या, स्वतःच्या तेलात, स्वतःच्या कढईत, कांदा, शेंगदाणे आणि ठेचा घालून त्यांना झकास फोडणी दिली. त्यांच्याकडे याला कुटके म्हणतात. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तोवर आमच्या भाकऱ्या सासरच्या झालेल्या होत्या.

भास्करराव नदीवरून आले. त्यांनी पिशवी पाहिली, कढई पाहिली. शोभाताई म्हणाल्या की भाऊ, तुमच्याच भाकरीचे आहेत हो, घ्या नं. भास्करराव त्या कढईकडे जे पाहत राहिले ते दृश्य मी रंगभूमीवर कधी पाहिलेलं नाही. मग ते पोट बरं नाही म्हणाले आणि उधन्याचं पाणी दोन पेले प्यायले. वानखडे उठून आत गेले. मुलं फोटो काढत होती. मुलांना काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी ओसरीत आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो. शोभाताईंनी बऱ्याच शेंगा सोलल्या आणि मग मान वर न करता बोलल्या.

"ताई, एक विचारू? आमचं पोरगं पसंत नाही काय तुमच्या मालकाले?"

मी म्हटलं, असं काय बोलता.

"आमच्यात जिथं संबंध जोडायचा नसते, तिथं माणूस पाणी घेत नाही. सरळ सांगत नाही, पण पाणी घेत नाही. तुमच्या मालकानं तर पाणी घरून आणलं."

म्हणजे आमच्याकडे जे मोठ्यात मोठं नातं जोडल्याची खूण, ते यांच्याकडे नातं तोडल्याची. त्या पुढे म्हणाल्या की वानखडे काल झोपले नाहीत. कोणीतरी वैभवबद्दल वाईट सांगितलं असेल, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. उद्यापर्यंत इवायांनी आपल्या घरचं काही खाल्लं नाही, तर ते स्वतःच इवायांना शब्दातून मोकळं करणार आहेत. आपल्यामुळे पोरीच्या बापाला तोंड वाईट करायला लागू नये म्हणून.

मयूरी तेव्हा अंगणात वैभवला खरा खुरासणीचा पिवळा कोणता ते पटवत होती. पाच मिनिटं त्या एका रंगावर भांडण चाललं होतं आणि दोघंही सुखात होती. शोभाताईंना तिथेच सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण मी तिच्याच डोक्याची शपथ घेतलेली. मी उठले, भास्कररावांना गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, लग्न मोडेल, सांगून टाका. ते म्हणाले की आईला काय सांगू. मी म्हटलं, आईंना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, उद्या सकाळचा वेळ दे. कॉटेजवरच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की सुट्टीत डोंगराच्या माथ्यावर एक डांगी बाई चूल मांडून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नागलीची भाकरी आणि चटणी देते. पोटात भाकरी गेली की वानखड्यांशी काय बोलायचं ते सुचेल. उपाशी माणसाला सुचत नाही. एवढं एका दमात बोलून ते दमले.

डोंगर

सकाळी मी उठले तर भास्करराव गेलेले. मागच्या दारातून शोभाताई आल्या, हातात चहा होता.

"ताई, आमचे बी गेले त्यांच्या मागं," त्या म्हणाल्या. "टोपी घातली नाही आज. टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकली. म्हणे, वर एकांतात इवायाले परत करतो."

आता मात्र मी बसले. मयूरीची शपथ मोडली तर तिचं काय होतं ते मला माहीत नव्हतं. न मोडली तर काय होणार ते पिशवीत घालून डोंगरावर चाललं होतं. मी शपथ मोडली. सासूबाई, स्पीकर, आंडेर, पाटी, सगळं सांगितलं. सवयीनं मी सासूबाईंचा आवाजही काढला.

शोभाताईंना हसू फुटलं ते इतकं, की त्यांनी खांब धरला. "अवो बाई, ते लग्नानंतर असते नं! आमच्या सासऱ्यानं बी केलं होतं. पण भाड्याच्या घरात?" मग त्यांना टोपी आठवली आणि हसणं थांबलं. फोन लावून पाहिला. डोंगरात रेंज नव्हती. मुलांना हाका मारल्या तर ती केव्हाच पलीकडच्या टेकडीवर सूर्योदयाचे फोटो काढायला गेलेली.

तेव्हा दोन मध्यमवयीन विहिणी डोंगर चढायला निघाल्या. मी नायलॉनच्या साडीवर मयूरीचे स्पोर्ट शूज घातले होते, शोभाताईंच्या हातात केर काढायच्या झाडूचा दांडा होता. ट्रेकिंगबद्दल मी पूर्वी पुष्कळ ऐकलं होतं. त्यात निसर्गाशी एकरूप होणं वगैरे येतं. आम्ही पहिल्या चढातच एकरूप झालो, कारण बसल्यावर उठता येईना. वाट बांबूच्या बेटातून जाते, मग लाल मातीची घसरण, मग उघडा कडा. खाली धुकं दुधावरच्या सायीसारखं पसरलेलं होतं आणि त्यातून आमच्या कॉटेजचं छप्पर तेवढं वर आलेलं. ते एवढंसं दिसत होतं की त्यावरून दोन घरं मोडावीत याची मला लाज वाटली.

शोभाताई गुडघा धरून थांबायच्या आणि प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न विचारायच्या. नातू होईपर्यंतच नं? मी म्हटलं, हो. नात चालते? म्हटलं, आमच्याकडे चालते, सासूबाईंना विचारायचं नाही. मग नातवंड होईपर्यंत तुम्ही आमच्या घरी काहीच खाणार नाही? मी म्हटलं, माझं नाव त्यात नाही. "ते मले परवाच समजलं," त्या म्हणाल्या, "रस्सा दोनदा घेतला तुम्ही." मी एवढंच म्हटलं की तिखट जरा कमी होतं. त्यांनी दांडा उगारला आणि आम्ही पुढे निघालो. मला तेव्हाच वाटलं की मयूरीला सासू बरी मिळते आहे, फक्त आता ती मिळायला हवी.

माथ्याच्या अलीकडे एक मोठी शिळा आहे. तिच्याशी पोचलो तेव्हा पलीकडून माणसांचे आवाज आले. आम्ही डोकावलो. तीन दगडांची चूल पेटलेली होती आणि डांगी बाई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. चुलीपासून थोड्या अंतरावर दोन व्याही दोन दगडांवर बसले होते. दोघांमध्ये पळसाच्या पानांवर दोन काळ्याभोर नागलीच्या भाकऱ्या, वर लाल चटणी, वाफ निघत होती. पैसे भास्कररावांनी आधीच त्या बाईच्या हातात ठेवले होते, दोघांचेही. मुलीच्या बापानं व्याह्याला खाऊ घालायला रीत आड येत नाही. सगळं नियमात बसत होतं. भास्कररावांनी भाकरीचा तुकडा मोडलासुद्धा होता. पण वानखड्यांनी पिशवी पुढे ठेवली होती, तिच्यातून टॉवेलाचं टोक दिसत होतं, आणि वानखडे हात जोडून बोलत होते.

शोभाताई ओरडणार होत्या. मी त्यांचा हात दाबला. खरं तर मी तेव्हाच पुढे व्हायला हवं होतं. पण इतकी वर्षं नाटकात काम केलेल्या बाईला एवढ्या रंगलेल्या प्रवेशात मध्येच एंट्री घेता येत नाही.

"इवाई, मी साधा माणूस," वानखडे म्हणत होते. "तुमच्या मनात काय हाय ते मी इचारणार नाही. पोरगी तुमची, तुमाले वाटन तसं करा. तुमची टोपी तुमाले परत करतो, पण राग नाही. फक्त एक करा. दोन दिवस झाले, तुमच्या पोटात अन्न नाही, मले पाहवत नाही. आता हे तुमच्याच पैशाचं हाय. दोन घास खा. हातपाय मोकळे सोडून बसा इवाई," आणि सवयीनं त्यांचे दोन्ही हात पसरले, दरीवर, कड्यावर, सगळ्या डांगवर, "आपलंच समजा."

भास्कररावांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांनी भाकरीकडे पाहिलं. खालच्या दगडाकडे पाहिलं. मग त्या पसरलेल्या हातांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथवर नजर जाते तिथवर पाहिलं. चुलीपाशी भाकरी थापणारे हात थांबले. परवा रात्रीपासूनचा उपाशी, आयुष्यभराचा मुका, आईला भिणारा तो माणूस, आणि मग शंभर लूमच्या पलीकडे जाईल अशा त्यांच्या त्या एकुलत्या एक आवाजात, की समोरच्या कड्यावरून तो प्रश्न जसाच्या तसा परत आला, ते म्हणाले:

"वानखडे साहेब, खरं सांगा, हा डोंगर तरी तुमच्या नावावर नाही ना?"